लहान मुलांच्या घरात काटकसर: कात्री कुठे लावावी, कुठे लावू नये?

प्रश्न

आमच्या घरी चार वर्षांची मुलगी आणि सव्वा वर्षाचा मुलगा आहे. धाकटा शाळेत जाऊ लागेपर्यंत मी नोकरी अर्धवेळ करावी, असे आम्ही दोघांनी बऱ्याच विचारांती ठरवले आहे. घरात येणारा पैसा त्यामुळे कमी होणार हे उघड आहे. तो कमी झाल्यावर धावपळ करण्याऐवजी, हातात अजून काही महिने आहेत तोवरच राहणी साधी करत न्यावी, अशी आमची इच्छा आहे. यामागे पैशाखेरीज आणखी एक कारण आहे. घरात वस्तू इतक्या साठल्या आहेत की संध्याकाळचा मोठा भाग त्या उचलण्यात, शोधण्यात आणि पुन्हा जागेवर ठेवण्यात जातो आणि मुलांजवळ निवांत बसणे होत नाही.

काटकसरीविषयी जे वाचायला मिळते, त्यातले बरेचसे मुले मोठी झालेल्या घरांसाठी लिहिलेले वाटते. रात्री धड झोप न मिळणाऱ्या आईला 'सगळे घरीच करा' हा सल्ला झेपत नाही. म्हणून अनुभवी पालकांना विचारते. कात्री सर्वांत आधी कुठे लावावी? वापरलेल्या वस्तूंपैकी लहान मुलांसाठी कोणत्या निर्धास्तपणे घ्याव्यात आणि कोणत्या कटाक्षाने टाळाव्यात? शिवाय मुलीला आता दुकानात दिसेल ते हवेसे वाटू लागले आहे. 'आपल्याकडे काहीच नाही' अशी भीती तिच्या मनात बसू न देता तिला नकार कसा द्यावा?

प्रतिसाद १ (घरखर्चाची वही नेमाने लिहिणारा गृहस्थ)

तुमच्या हातात काही महिने आहेत ही मोठी जमेची बाजू आहे, म्हणून आधी त्यांचा उपयोग सांगतो. अर्धवेळ पगार सुरू झाला आहे असे समजून पुढच्या महिन्यापासूनच घर तेवढ्या रकमेत चालवून पाहा आणि राहिलेला फरक पगार जमा होताच वेगळ्या खात्यात वळवा. ओढाताण नेमकी कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या कलमावर होते, हे त्यातून अंदाजाने नव्हे तर प्रत्यक्ष कळते, आणि ते कळत असतानाच अडीअडचणीसाठी गंगाजळीही तयार होते. साधारणपणे तीन ते सहा महिन्यांच्या आवश्यक खर्चाइतकी रक्कम अशी बाजूला असावी असे मानतात. घरात दोन लहान मुले असताना आणि मुख्य पगार एकाचाच असताना ती सहा महिन्यांपेक्षा कमी धरू नये, असे माझे मत आहे. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे शाळेची फी, विम्याचा हप्ता, वाहनाची दुरुस्ती, यांची बेरीज करून तिचा बारावा भाग दर महिन्याच्या खर्चात धरायला विसरू नका. महिन्याचे गणित जुळते पण वर्षाचे जुळत नाही, अशी तक्रार करणाऱ्या घरांत बहुधा हेच राहून गेलेले असते.

आता कात्रीविषयी. बहुतेक लोक किरकोळ खर्चापासून सुरुवात करतात, कारण तो रोज डोळ्यांसमोर असतो. वहीत महिनाभराचा जमाखर्च मांडला की मात्र घरभाडे किंवा घराचा हप्ता, वाहन आणि प्रवास, आणि मुलांना सांभाळण्याची व्यवस्था हीच मोठी कलमे निघतात. दुसरे वाहन विकण्याचा निर्णय एकदाच घ्यावा लागतो, पण त्याने इंधन, विमा, देखभाल आणि हप्ता असे चारही खर्च एकदम थांबतात आणि त्यासाठी रोज मन मारावे लागत नाही. तुमच्या अर्धवेळ नोकरीचाही असाच पूर्ण हिशेब मांडा. जाणाऱ्या पगारातून पाळणाघराचे शुल्क, येण्याजाण्याचा खर्च आणि दमून घरी आल्यामुळे बाहेरून मागवावे लागणारे जेवण वजा केले, तर प्रत्यक्ष तूट वाटते त्यापेक्षा कमी भरण्याची शक्यता आहे. मात्र निवृत्तिवेतनासाठी जमा होणारी रक्कमही कमी होईल. तीही त्याच हिशेबात धरा, कारण तिचा तोटा आज दिसत नसला तरी तुमच्या एकटीच्या वाट्याला येणार आहे.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असल्यास इतर सर्व बचतीआधी ती फेडा. महिन्याला ३ टक्के हा दर किरकोळ वाटतो, पण व्याजावर व्याज चढत गेले की वर्षाअखेर १०० चे जवळजवळ १४३ होतात. इतका परतावा खात्रीने देणारी कोणतीही बचत नाही. विम्याच्या खर्चाला मात्र हात लावू नका. साधा मुदतीचा आयुर्विमा तुम्हा दोघांचाही हवा. कमी कमावणाऱ्या पालकाचाही हवा, कारण तो घरात जे काम करतो ते उद्या विकत घ्यावे लागले तर ती रक्कम लहान नसेल.

प्रतिसाद २ (दोन्ही मुलांना मुख्यतः वापरलेल्या वस्तूंवर वाढवलेली आई)

वापरलेल्या वस्तूंच्या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या वाढीच्या वेगात दडलेले आहे. निरोगी बाळाचे वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षभरात तिप्पट होते. उंची पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंटीमीटर, दुसऱ्या वर्षात सुमारे १२ सेंटीमीटर आणि पुढे वर्षाला सहा-सात सेंटीमीटर वाढते. म्हणजे पहिल्या दोन वर्षांतले कपडे विरण्याआधी तोकडे होतात, त्यामुळे दुसऱ्या बाळाचे उतरलेले कपडे जवळजवळ नवेच असतात. चार वर्षांच्या मुलीचे याच्या उलट असते: ती सावकाश वाढते पण गुडघे लवकर फाडते. तिच्यासाठी मोजके, दणकट कपडे नवे घेतले तरी हरकत नाही. विजार घेताना तळाशी रुंद दुमड आहे का आणि कमरेच्या पट्टीत आतून बटणाने घट्ट-सैल करता येणारा इलॅस्टिक आहे का, हे उलटून पाहावे. नवी विजार घालायला देण्याआधीच गुडघ्यांच्या जागी आतल्या बाजूने जुन्या मऊ कापडाचे ठिगळ शिवून टाकावे, म्हणजे कापड फाटायलाच उशीर होतो. वर्षभराने दुमड उसवली की तीच विजार पुन्हा पायघोळ होते. जुन्या दुमडीची फिकट रेघ मात्र दिसते, आणि ती दिसली तरी काही बिघडत नाही.

पुस्तके, लाकडी ठोकळे, अंघोळीचे टब, लहान टेबल-खुर्च्या या वस्तू वापरलेल्या घेण्यात काहीच धोका नाही. जिथे मुलाचा जीव त्या वस्तूवर अवलंबून असतो, तिथे मात्र नियम बदलतो. गाडीतले मुलाचे आसन माहितीतल्या घरातले, अपघातात न सापडलेले आणि मुदत न संपलेले असेल तरच घ्यावे. अनोळखी विक्रेत्याकडून घेऊ नये, कारण अपघाताने आतून आलेली तडा बाहेरून दिसत नाही. सायकलच्या हेल्मेटचेही तसेच आहे. बाळाच्या पलंगाच्या दांड्यांमध्ये सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर नसावे, आणि ज्याची एक बाजू खाली सरकते असा जुना पलंग कितीही भक्कम दिसला तरी घेऊ नये; अशा पलंगांत बाळे अडकून दगावल्यामुळे अमेरिकेत २०११ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली गेली. फार जुन्या, रंगाचे पोपडे निघालेल्या लाकडी वस्तूंच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून त्याही टाळाव्यात. ज्या खेळण्यात बटणासारखी चपटी बॅटरी आहे आणि तिचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, असे खेळणे फुकट मिळाले तरी घरात आणू नये. ती बॅटरी मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजू शकते.

जिथे निःशंकपणे पैसे वाचवावेत असे एक कलम सांगते: वर्षावरील मुलांसाठी म्हणून विकली जाणारी खास दूध पावडर. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांच्या पूरक आहाराविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, आणि एक ते दोन वर्षांच्या मुलांना अशा पावडरींची शिफारस केलेली नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. डॉक्टरांनी एखाद्या विशिष्ट कारणासाठी सांगितले असेल तर गोष्ट वेगळी.

खेळण्यांच्या पसाऱ्याबद्दल तुम्ही लिहिलेत, त्यावर अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठातला २०१८ सालचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन खेळू दिले, तेव्हा खेळणी कमी असताना मुले एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ थांबली आणि त्याच्याशी अधिक निरनिराळ्या प्रकारे खेळली. तुमच्या धाकट्याचे वय या मुलांच्या जवळपास आहे. खेळण्यांचे तीन-चार गट करून एकच बाहेर ठेवा आणि बाकीचे दिसणार नाहीत असे उंचावर ठेवा. मुलांचे लक्ष उडाल्यासारखे वाटले की गट बदला. नवे काही न आणता महिन्यातून दोन-तीनदा 'नवी' खेळणी मिळतात आणि संध्याकाळी उचलायचा पसाराही आटोक्यात राहतो.

लंगोटांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण धाकटा त्याच वयाचा आहे म्हणून सांगते. आम्ही कापडीच वापरले, ते दोन मुलांना पुरले आणि त्यात मोठी बचत झाली.

प्रतिसाद ३ (दोन मुलांचा बाबा)

वरचे दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण त्यांत एक रकाना राहिला आहे, आणि लहान मुलांच्या घरात तो नसला तर काटकसर काही महिन्यांतच मोडते. प्रत्येक बचतीपुढे 'किती पैसे वाचले' याबरोबर 'किती वेळ गेला आणि कुणाचा' हेही लिहायला हवे. आई अर्धवेळ घरी आहे म्हटल्यावर शिवणे, धुणे, वापरलेल्या वस्तू शोधत हिंडणे, घरी करून पैसे वाचणारा प्रत्येक पदार्थ करणे, हे सगळे न बोलता तिच्याच अंगावर पडते. ज्या वेळेसाठी तिने पगार सोडला, तो वेळ मग मुलांना मिळत नाही आणि तिला स्वतःलाही मिळत नाही. ती बचत खरे तर तिच्या श्रमांतून केलेला खर्चच असतो, फक्त वहीत तो कुठे दिसत नाही.

म्हणून मी बचतीचे तीन भाग करतो. पहिल्या भागात श्रम लागतच नाहीत: न वापरली जाणारी सभासदत्वे बंद करणे, कपडे कमी तापमानाच्या पाण्यात धुणे (गरम पाण्यावर चालणाऱ्या धुलाई यंत्राची बहुतांश वीज पाणी तापवण्यातच जाते), वस्तू मुळात कमी आणणे. हे सगळे आजच करावे. दुसऱ्या भागात श्रम एकदाच लागतात आणि फायदा बरेच दिवस मिळतो. विजारीच्या गुडघ्याचे ठिगळ याच भागातले, आणि स्वयंपाक करतानाच दुप्पट करून अर्धा शीतपेटीत गोठवणे हेही याच भागातले. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर न ठेवता ५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवले पाहिजे, एवढे पथ्य पाळावे. तिसऱ्या भागात रोजचे श्रम लागतात. तिथला प्रत्येक निर्णय दोघांनी बसून घ्यावा आणि ते काम कोण करणार हे त्याच वेळी नावानिशी ठरवावे.

कापडी लंगोट या तिसऱ्या भागात येतात. मी त्यांच्या विरोधात नाही. मात्र ते कसे धुतले आणि वाळवले जातात, यावर सगळे अवलंबून असते. पर्यावरणावरील परिणामांबाबत ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २००८ मध्ये केलेल्या अभ्यासात एरवी कापडी आणि वापरून टाकायचे हे दोन्ही प्रकार साधारण बरोबरीचे ठरले. यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरले, तेव्हा मात्र कापडी लंगोटांमुळे होणारे कार्बन उत्सर्जन सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरले. पैशांचेही तेच गणित आहे: गरम हवेच्या यंत्रात वाळवायचे असतील तर वाचलेल्यातला बराच भाग विजेच्या बिलात परत जातो. तुमचा मुलगा सव्वा वर्षाचा आहे. त्याला आता नवजात बाळाइतके लंगोट लागत नाहीत आणि पुढचे बाळ नसेल तर सगळा संच नव्याने घेण्यात फारसा अर्थ नाही. ओळखीत कुणाकडे संच पडून असेल तर दिवसा कापडी आणि रात्री वापरून टाकायचे, ही मधली वाट मला सर्वांत व्यवहार्य वाटते. रात्रीची झोप वाचवणाऱ्या खर्चाला मी कधीच उधळपट्टी म्हणणार नाही.

जेवणाच्या बाबतीत एकच सांगतो. लहान मूल एखादा नवा पदार्थ आठ-दहा वेळा समोर आल्यावरच स्वीकारते, असे वारंवार दिसून आले आहे. म्हणून नवे काही देताना ते चमचाभरच वाढावे. ताटभर वाढून टाकून देण्याने अन्न वाया जाते, आणि 'एवढे केले तरी खात नाही' या वैतागात आपण तो पदार्थ पुन्हा देतच नाही.

प्रश्नकर्ती

श्रमांचा रकाना वाचून आम्ही दोघेही थांबलो आणि त्यावर बराच वेळ बोललो. मी मनातल्या मनात ज्यांची यादी करत होते, ती जवळजवळ सगळी कामे तिसऱ्या भागातली होती. कापडी लंगोटांचा विचार आम्ही आता ओळखीतून संच मिळाला तरच करू. मुलीचा प्रश्न अजून राहिला आहे. त्याला जोडून आणखी एक: दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि इतर नातेवाईक फार प्रेमाने खेळणी आणतात. त्यांचे मन न दुखवता हे कसे थोपवावे?

प्रतिसाद ४ (पूर्वप्राथमिक वर्गात शिकवणारी)

चार वर्षांच्या मुलाला नकार पचतो. त्याला पचत नाही ती अनिश्चितता. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना चित्रकलेचे अधिक चांगले साहित्य आणून देण्याचे कबूल केले गेले. निम्म्या मुलांना ते खरोखर मिळाले, निम्म्यांना 'नाही सापडले' असे सांगण्यात आले. त्यानंतर प्रत्येकासमोर एक गोड खाऊ ठेवून 'थांबलास तर दोन मिळतील' असे सांगितले, तेव्हा शब्द पाळलेला अनुभवलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली आणि दुसरी जेमतेम ३ मिनिटे. मुलीला 'पुढच्या वेळी घेऊ' असे केवळ वेळ मारून नेण्यासाठी सांगितले, तर पुढच्या वेळी तिचा हट्ट वाढेल, आणि तिच्या अनुभवावरून पाहिले तर तो रास्तच असेल. घ्यायचे नसेल तर 'हे आपण घेणार नाही' असे शांतपणे, एकदाच सांगावे. घ्यायचे असेल तर कधी, ते तिला कळेल अशा खुणेने सांगावे आणि त्या दिवशी आठवणीने घ्यावे.

'पैसे नाहीत' असे म्हणण्याऐवजी 'हे पैसे आपण घरासाठी ठेवले आहेत' किंवा 'हे सहलीसाठी साठवतो आहोत' असे म्हणावे. दोन्हींत नकारच आहे, पण दुसऱ्या वाक्यातून तिला कळते की आई-बाबांनी विचार केलेला आहे आणि घर सुरक्षित आहे. दुकानात शिरण्यापूर्वी, बाहेरच, आज काय घ्यायचे ते तिला सांगावे आणि यादीतल्या दोन वस्तू शोधण्याचे काम तिच्याकडे द्यावे. तिला फारच आवडलेल्या वस्तूचे चित्र घरी आल्यावर तिच्याकडून काढून घेऊन ते भिंतीवर लावता येते. वाढदिवस आला की त्या चित्रांतून तिलाच निवडू द्यावे. माझ्या वर्गातल्या पालकांचा अनुभव असा की बहुतेक चित्रांमधला रस तोवर ओसरलेला असतो, आणि जे एक-दोन टिकते ते मुलाला खरोखरच हवे असते.

हट्टाचे मूळ पुष्कळदा दुकानात नसते, ते पडद्यावर असते. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना जाहिरात आपल्याला काही विकण्यासाठी केलेली असते हे नीटसे उमगत नाही. ती त्यांना खरी माहितीच वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा आणि एक वर्षाच्या मुलांसाठी तो नसलेलाच बरा. या सूचना आरोग्यासाठी आहेत, पण त्या पाळल्या की मागण्याही कमी होतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आजी-आजोबांना 'काही आणू नका' असे सांगू नये. प्रेमाने देण्याची वाटच बंद झाली की ते दुखावतात, आणि ते साहजिक आहे. त्यांना काय आणावे ते नेमके आणि वेळेआधी सांगावे: पुढच्या मापाचे बूट, पावसाळी कोट, वाचनालयाची वर्षाची वर्गणी, किंवा दर आठवड्याला नातीला गोष्ट सांगण्यासाठी त्यांचा एक तास. तरीही खेळणे आलेच तर ते आनंदाने घ्यावे, मुलीला त्यांच्यासमोर खेळू द्यावे आणि नंतर इतर गटांबरोबर फिरते ठेवावे. त्यांनी दिलेली वस्तू त्यांना कळेल अशा रीतीने दुसऱ्याला देऊ नये.

प्रश्नकर्ती

मोठे मासिक खर्च, खेळण्यांचे गट आणि कोणते काम कोणाचे याची यादी, या तीन गोष्टींपासून आम्ही या आठवड्यात सुरुवात करत आहोत. पहिल्या प्रतिसादकांना एक शेवटचा प्रश्न: माझा मुदतीचा विमा अजून काढलेला नाही. तो नोकरी अर्धवेळ झाल्यावर, नवा खर्च स्थिरावला की काढला तर चालेल का?

प्रतिसाद १ (घरखर्चाची वही नेमाने लिहिणारा गृहस्थ)

थांबू नका, पूर्णवेळ पगार सुरू असतानाच अर्ज करा. विमा किती रकमेचा द्यायचा हे कंपन्या बहुधा अर्जाच्या वेळच्या उत्पन्नावरून ठरवतात, त्यामुळे पगार कमी झाल्यावर तुम्हाला हवे तेवढे संरक्षण मिळणे अवघड होऊ शकते. धाकटा मुलगा कमावता होईपर्यंतची वर्षे मोजून तेवढी मुदत घ्या. अर्जात नोकरीची आणि आरोग्याची सगळी माहिती खरी लिहा, आणि नोकरी लवकरच अर्धवेळ होणार असल्याचे विचारले गेले तर तेही लपवू नका. नोकरीच्या ठिकाणाहून मिळणारा सामूहिक आरोग्य विमा असेल, तर अर्धवेळ झाल्यावर तो तसाच चालू राहतो का, विशेषतः मुलांची नावे त्यात राहतात का, हे बदलाच्या अर्जावर सही करण्याआधी लेखी विचारून घ्या.